आधी ‘पण’ लिहायला शिका

माझ्या मावशीनं अकरा दिवस थायरॉईडची गोळी घेतली नाही. विसरली म्हणून नव्हे, कागद नीट वाचला म्हणून.

रुग्णालयातून घरी सोडताना तिच्या हातात एक छापील कागद दिला होता. गोळ्यांच्या यादीखाली ठळक अक्षरांत सूचना होती: ‘सर्व गोळ्या जेवणानंतर घ्याव्यात, मात्र सकाळची थायरॉईडची गोळी नव्हे.’ मावशी सत्त्याहत्तर वर्षांची. तिची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली आणि छापलेलं अक्षर ती आजही डोळ्यांत तेल घालून वाचते. तिनं ते वाक्य दोनदा वाचलं आणि सरळ अर्थ लावला: बाकीच्या गोळ्या घ्यायच्या, थायरॉईडची घ्यायची नाही. बाराव्या दिवशी मी गेले तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि ती अंथरुणावर होती. “अंगात त्राणच नाही बघ गं,” म्हणाली. फडताळात गोळ्यांची बाटली होती. सील तसंच होतं.

लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं की ही गोळी उपाशीपोटी घ्या. ‘उपाशीपोटी’ हा शब्द त्या कागदावर कुठेच नाही. त्यानं एक बाजू लिहिली, दुसऱ्या बाजूच्या जागी ‘नव्हे’ ठेवलं आणि मोकळा झाला. मी जाब विचारायला गेले तेव्हा काउंटरवरचा माणूस म्हणाला, “मॅडम, थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते, हे सगळ्यांना माहीत असतं.” सगळ्यांना माहीत असतं तर कागद छापता कशाला?

हे एका रुग्णालयापुरतं असतं तर तिथेच भांडून मी घरी आले असते. पण तीस वर्षं मी वर्तमानपत्रात उपसंपादक होते. रोज रात्री दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करणं हीच माझी रोजीरोटी. त्या अनुभवावर सांगते, आज छापल्या जाणाऱ्या मराठीत सर्वांत जास्त मोडतोड होते ती दोन गोष्टी समोरासमोर उभ्या करणाऱ्या वाक्याची. हे आहे, ते नाही. हे घ्या, ते नको. आधी असं होतं, आता तसं आहे. बोलताना हे कुणाचंही चुकत नाही. मंडईतली भाजीवाली म्हणते, “मेथी ताजी आहे, पालक कालचा.” पाच शब्द. काय घ्यायचं ते गिऱ्हाइकाला कळतं. शिकलेला माणूस लिहायला बसला की मात्र या साध्या जागी त्याचा तोल जातो, कारण त्याला वाटतं की सांधा जितका जाड, तितकं वाक्य भारदस्त.

आपल्या म्हणी काढून बघा. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.’ यात ‘पण’ नाही, ‘परंतु’ नाही. नाव एकीकडे, हात दुसरीकडे, मध्ये नुसता श्वास. ‘घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा’ या म्हणीत विरोध दाखवायला चक्क ‘आणि’ आहे, कारण दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की त्यांच्यातलं अंतर ऐकणाऱ्याला आपणहून दिसतं. ‘मोडेन पण वाकणार नाही’ इथे ‘पण’ हवाच. ‘मोडेन’ ही कबुली आहे आणि तिच्यावर ‘वाकणार नाही’नं मात करायची आहे. ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ इथे ‘तरी’ हवं, कारण जळल्यावर पीळ जायला हवा होता आणि गेला नाही. या चारांपैकी कुठलाही सांधा बदला, म्हण मरते. ज्यांनी या म्हणी घडवल्या त्यांनी दादोबा पांडुरंगांचं 1836 चं व्याकरण वाचलं नव्हतं, मोरो केशव दामल्यांचं 1911 चं तर नव्हतंच. त्यांना काय म्हणायचं आहे ते ठाऊक होतं, एवढंच.

व्याकरणात ‘पण’, ‘परंतु’, ‘परी’, ‘किंतु’ यांना न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्ययं म्हणतात. शाळेत आपण हे नाव घोकलं आणि परीक्षेनंतर टाकून दिलं. त्या नावातच सगळं सांगितलं आहे. पहिल्या वाक्यात काहीतरी उणं आहे, असं हा शब्द जाहीर करतो. म्हणजे ‘पण’ लिहिणारा नुसता जोड देत नाही, निवाडा देतो. ‘पण’च्या अलीकडचं हलकं, पलीकडचं जड.

‘मुलगी हुशार आहे, पण सावळी आहे.’ ‘मुलगी सावळी आहे, पण हुशार आहे.’ शब्द तेच. पहिल्या वाक्यात स्थळ नाकारलं, दुसऱ्यात पसंत केलं. दुसरं वाक्य बोलणाऱ्या बाईला आपण मोठ्या मनाच्या आहोत असं वाटतं. नाहीत. सावळं असणं ही खोट आहे, हे दोन्ही वाक्यांनी सारखंच गृहीत धरलेलं आहे आणि ते त्या दोन अक्षरांच्या शब्दानं धरलं आहे. ‘मुलगी सावळी आहे, हुशार आहे’ असं म्हणून बघा. ‘पण’ गेला, तिच्यावरचा डागही गेला.

वर्तमानपत्रात हा अपमान रोज छापला जातो. ‘गरीब पण प्रामाणिक रिक्षाचालकाने दागिन्यांची पिशवी परत केली.’ गरीब पण प्रामाणिक! गरिबानं चोर असणं हा नियम आणि हा रिक्षावाला त्याला अपवाद, असं तुम्ही म्हणता आहात. दहावीच्या निकालाच्या दिवशी ‘असूनही’चं पीक येतं: वडील हमाल असूनही, आई धुणीभांडी करत असूनही, झोपडपट्टीत राहत असूनही. मी हे शब्द कापत असे. एकदा एक तरुण बातमीदार माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, “मॅडम, त्यातच तर बातमी आहे.” मी त्याला म्हटलं, बातमी असेल तर ती लिही. तिच्या घरात अभ्यासाला जागा नव्हती, ती रात्री कुठे बसून वाचायची, फीचे पैसे कुठून आले, हे लिही. बापाच्या हमालीसमोर तिची हुशारी ‘असूनही’ लावून उभी करू नकोस. बापाची हमाली तिच्या हुशारीच्या आड आली नाही, गरिबी आली. त्यानं मजकूर पुन्हा लिहून आणला. चांगला लिहिला होता.

आणि सभेतला, सोसायटीच्या बैठकीतला, घरातल्या दिवाणखान्यातला तो ‘पण’ तुम्ही ऐकलेलाच आहे. ‘मी जात मानत नाही, पण...’ ‘आमचा मुलींच्या शिक्षणाला विरोध नाही, पण...’ पुढचं वाक्य काय असणार ते बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही माहीत असतं. इथे ‘पण’चा अर्थ एकच: आत्ता जे बोललो ते खोटं होतं. असं वाक्य सुरू करणाऱ्याला तिथेच थांबवावं आणि ‘पण’च्या पुढचं आधी बोलायला सांगावं.

आता ‘तर’कडे येते. अपघाताची कोणतीही बातमी उघडा: ‘अपघातात दोघांचा जागीच मृत्यू झाला, तर पाच जण जखमी झाले.’ हा ‘तर’ कुठून आला? इंग्रजी बातमीतला एक शब्द घाईघाईनं मराठीत ओढून आणला आणि तो इथे कायमचा बसला. मरण पावलेले दोघं आणि जखमी पाच जण यांच्यात विरोध कसला? एकाच गाडीतली माणसं ती. त्याच बातमीचं शीर्षक मात्र नेमकं असतं: ‘दोन ठार, पाच जखमी.’ जागा कमी म्हणून शीर्षक शहाणं, जागा मिळाली की मजकूर बिघडला.

मराठीत ‘तर’ ऐकला की कान ‘जर’ शोधतो. ती जोडी आहे. म्हणून हा उसना ‘तर’ नुसता कुरूप नाही, घातकी आहे. कालव्याच्या पाण्याची सूचना अशी लिहिली तर बघा काय होतं: ‘या पाळीत डाव्या कालव्याला पाणी मिळणार नाही, तर उजव्या कालव्याला मिळेल.’ लिहिणाऱ्याला दोन पक्क्या गोष्टी सांगायच्या आहेत. उजव्या कालव्यावरचा शेतकरी वाचतो की डाव्याला मिळालं नाही तर आपल्याला मिळेल. म्हणजे अजून ठरलेलं नाही. तो चौकशीला तालुक्याला जातो, दिवस मोडतो. ‘या पाळीत उजव्या कालव्याला पाणी मिळेल, डाव्याला नाही.’ हे लिहायला कोणती पदवी लागते?

‘तर’चा हिंदी भाऊ ‘जेव्हा की’. ‘मोठा मुलगा पुण्यात असतो जेव्हा की धाकटा गावी.’ ‘जबकि’चं हे शब्दाला शब्द भाषांतर आहे, मराठीत असा शब्दच नाही. मोठा पुण्यात असतो, धाकटा गावी. झालं.

‘मात्र’ची तर आम्ही वर्तमानपत्रवाल्यांनी वाट लावली. हा शब्द बोट दाखवणारा आहे. ज्याला बाकीच्यांपासून वेगळं काढायचं त्याच्या पाठीला तो लागतो. ‘सगळे आले, सरपंच मात्र आले नाहीत.’ बोट सरपंचांकडे. ‘सरपंच आले, बोलले मात्र नाहीत.’ बोट बोलण्याकडे. ‘सरपंच आले मात्र, सगळे उठून उभे राहिले.’ इथे तर अर्थच वेगळा, आले रे आले की. जागा बदलली की अर्थ बदलतो, असा नाजूक आणि कामाचा शब्द. आम्ही त्याला उचलून वाक्याच्या तोंडाशी ठेवला आणि पुढे स्वल्पविराम मारला: ‘मात्र, सरपंच आले नाहीत.’ बोट गेलं. तो आता ‘पण’चा भारदस्त भाऊ म्हणून प्रत्येक परिच्छेदाच्या दारात उभा असतो. पहिला परिच्छेद घोषणेचा, दुसरा ‘मात्र,’नं सुरू. मीही हे अनेक रात्री जाऊ दिलं, कारण अंक दीडला छापायला जायचा. ती चूक होती.

सरकारी कागदांचं पाप याहून मोठं आहे, कारण वर्तमानपत्र न वाचता राहता येतं, नोटीस न वाचून चालत नाही. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम 1964 चा. राज्याचा कारभार लोकांच्या भाषेत चालावा म्हणून तो झाला. कायद्याच्या मराठीत ‘परंतु’ला नेमून दिलेलं काम आहे: वर नियम सांगितला, ‘परंतु’ आला की खाली त्याचा अपवाद. पुढे ‘परंतु आणखी असे की’ आलं की आणखी एक अपवाद. तिथे तो शब्द शोभतो, वकील त्यावर खटला उभा करतात. चूक झाली ती पुढे. कायद्याचा हा साज कारकुनांनी पाण्याच्या नोटिशीला चढवला. माझ्या इमारतीच्या फलकावर लागलेली ही नोटीस मी उतरवून घेतली आहे: ‘शुक्रवारी पाणीपुरवठा बंद राहणार असून शनिवारी कमी दाबाने पाणीपुरवठा होणार असला तरी नागरिकांनी सहकार्य करावे.’

हे वाक्य हळू वाचा. ‘असून’नं काय जोडलं? शुक्रवार आणि शनिवार यांच्यात फरक सांगायचा होता, तोच पुसला. मग ‘असला तरी’. पाणी कमी दाबानं येणार ही नागरिकांनी सहकार्य करायला अडचण आहे का? या ‘तरी’समोर कुणीच उभं नाही. माझ्या शेजारच्या काकूंना शनिवारी पाणी येणार की नाही तेच कळेना. त्यांनी दोन दिवसांचं भरून ठेवलं, बादल्या, पिंप, डबे, जे हाताला लागलं ते. ‘शुक्रवारी पाणी येणार नाही. शनिवारी येईल, पण कमी दाबाने.’ नऊ शब्द. ही नोटीस लिहिणाऱ्यानं घरी बायकोला हेच सांगितलं असणार आणि अगदी याच शब्दांत सांगितलं असणार. कचेरीत खुर्चीवर बसला की त्याची भाषा का बदलते? कारण साधं वाक्य अंगाशी येतं. ‘येणार नाही’ लिहिलं की कुणीतरी विचारतं, का येणार नाही? ‘बंद राहणार असून होणार असला तरी’ लिहिलं की विचारणारा वाक्यातच हरवतो. सांध्यावर चढवलेला हा थर अडाणीपणाचा नाही, भित्रेपणाचा आहे.

1897 साली रँडच्या खुनानंतर सरकारनं पुण्यावर दडपशाही सुरू केली, तेव्हा टिळकांनी ‘केसरी’च्या अग्रलेखाला मथळा दिला: ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे.’ सहा शब्द. एका बाजूला राज्य, दुसऱ्या बाजूला सूड, सांध्याला एक ‘नव्हे’. ‘असले तरी’ नाही, ‘तथापि’ नाही, लपायला जागाच नाही. त्याच वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. ज्यांना वाक्याबद्दल तुरुंगात जावं लागत होतं त्यांनी असं लिहिलं, आणि ज्यांना फार तर एक खुलासा मागितला जाईल ते ‘असला तरी’च्या आड बसतात.

त्या मथळ्यातला ‘नव्हे’ही आपण घालवत चाललो आहोत. ‘नाही’ म्हणजे नसणं: इथे साप नाही. ‘नव्हे’ म्हणजे ते ते नसणं: हा साप नव्हे, दोर आहे. इतका बारीक फरक एका शब्दात दाखवता येतो, आणि तो शब्द जाहिरातवाल्यांनी गाडला. ‘हे फक्त घर नाही, तर एक अनुभव आहे.’ ‘ही केवळ साडी नाही, तर एक भावना आहे.’ प्रत्येक चौकात एक फलक असा. इंग्रजी साचा, मराठी कपडे. साचा उसना आहे ही एक तक्रार. दुसरी मोठी: इथे विरोधच खोटा आहे. घर आणि अनुभव हे एकमेकांसमोर कधी उभे होते? पहिलं वाक्य कुणी म्हटलंच नव्हतं, ते खोडून काढण्यासाठी म्हणून उभं केलं, म्हणजे दुसरं मोठं दिसावं. घराबद्दल खरं काय सांगायचं ते, म्हणजे चटई क्षेत्र, ताबा कधी, पाणी कुठलं, यातलं त्या फलकावर काहीच नसतं.

वाहिन्यांवरचं ‘एकीकडे–दुसरीकडे’ हाच खेळ खेळतं. ‘एकीकडे शेतकरी हवालदिल असताना दुसरीकडे मंत्र्यांच्या मुलाचं लग्न थाटात.’ मंत्र्यानं टँकरचा पैसा लग्नात घातला असेल तर तसं सांगा, पुरावा दाखवा, मी तुमच्या बाजूनं रस्त्यावर येईन. पुरावा नाही म्हणून दोन चित्रं शेजारी लावायची आणि आरोप ऐकणाऱ्याच्या मनात उगवू द्यायचा, ही पत्रकारिता नव्हे. दोन गोष्टींची तुलना करायची तर त्या एकाच तराजूत बसल्या पाहिजेत.

भाषेतच काही खाचखळगे आहेत, ते मी कुणाच्या माथी मारत नाही. ‘तो भावासारखा हुशार नाही.’ भाऊ हुशार आहे की दोघंही ढ? वाक्य सांगत नाही, मराठी बोलणारा ते आवाजाच्या चढउतारानं सांगतो. कागदावर आवाज नसतो. म्हणून लिहिणाऱ्यानं थांबून ठरवावं लागतं: ‘भाऊ हुशार आहे, हा नाही’ किंवा ‘भावाप्रमाणे हाही हुशार नाही’. ‘अर्जदाराप्रमाणे जामीनदाराने सही करण्याची आवश्यकता नाही’ असं कागदावर आलं की अर्जदारानं सही करायची की नाही? बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसानं हे कुणाला विचारायचं?

मला नेहमी ऐकवलं जातं की बाई, भाषा बदलत असते, आणि गुंतागुंतीचा विचार सोप्या वाक्यात मावत नाही. भाषा बदलते, मान्य. ‘पण’ हा शब्दसुद्धा संस्कृत ‘पुनः’ झिजून झाला आहे. लोकांच्या तोंडात झिजून शब्द लहान झाला, सुबक झाला. ‘परंतु तरीसुद्धा मात्र’ हा बदल लोकांनी केलेला नाही, आमच्या टेबलांवर आणि तुमच्या कचेऱ्यांत झाला आहे. आणि लांब वाक्याला माझा विरोध कधीच नव्हता. 1874 साली चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली, त्यातली वाक्यं मैलभर चालतात आणि ‘जरी’ला त्याचा ‘तरी’ ठरल्या जागी भेटतो. विचार गुंतागुंतीचा असला की सांधा जास्त स्पष्ट लागतो.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पेढे वाटले, मीही खाल्ले. जी भाषा दोन हजार वर्षांची म्हणून आपण दिल्लीत सिद्ध केली, त्या भाषेत एका म्हातारीला गोळी कधी घ्यायची हे आपल्याला लिहिता येत नाही. त्याची लाज वाटली पाहिजे.

मावशीच्या फडताळाच्या दारावर मी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहून लावलं: ‘सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी: थायरॉईड. जेवणानंतर: बाकीच्या तिन्ही.’ तिनं चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, “हे असं का नाही छापत ते?” त्या रुग्णालयाला मी पत्र लिहिलं, सुधारलेलं वाक्यही सोबत दिलं. उत्तर आलं की सूचनेची नोंद घेतली आहे, तथापि सदर मजकूर प्रमाणित आहे. गेल्या महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांना तिथून घरी सोडलं. त्यांच्या हातातल्या कागदावर तेच वाक्य आहे.